सहा आण्यांचा पिक्सेल

मामांना मी सांगितलं, की हल्ली माझं सगळं काम आरमध्ये चालतं. ते म्हणाले, "बरोबर आहे. हेक्टर फार मोठं पडतं."

मामा भूमी अभिलेख खात्यातून निमतानदार म्हणून निवृत्त झाले. उभा जन्म दुसऱ्यांच्या बांधांवर काढलेला माणूस. त्यांच्या लेखी आर राहतो सातबाऱ्यावर, हेक्टरच्या शेजारी. शंभर चौरस मीटर ही त्याची ऐपत. आणि याखेरीज त्याला दुसरा उद्योग असणं शक्य नाही. मी म्हटलं, "मामा, हा आर वेगळा. ही संगणकाची भाषा आहे. न्यूझीलंडात ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन या दोघांनी मिळून काढली. दोघांचीही नावं 'आर'ने सुरू होतात, म्हणून भाषेचं नाव आर."

"म्हणजे सामाईक खातं," मामा म्हणाले. "वाटपाचं काय झालं?"

"वाटप झालंच नाही. १९९५ साली त्यांनी ती सगळ्या जगाला फुकट वापरायला देऊन टाकली."

मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. वाटपाशिवाय मिटलेलं सामाईक खातं त्यांनी अख्ख्या नोकरीत पाहिलेलं नव्हतं.

मराठीत आणखी एक आर आहे. बैलाला टोचायच्या पराणीच्या टोकाला असते ती. गेल्या दिवाळीच्या आधीचे तीन आठवडे मला हे तिन्ही आर एकच वाटायला लागले होते, त्याची ही हकिकत.

काम ऐकायला सोपं होतं. युरोपचे सेंटिनेल-२ नावाचे उपग्रह आहेत. पहिला जून २०१५मध्ये वर गेला, दुसरा मार्च २०१७मध्ये. असे दोन मिळून दर पाच दिवसांनी आपल्या डोक्यावरून जातात आणि जमिनीचे फोटो काढतात. पान हिरवंगार असलं की ते लाल प्रकाश गिळतं आणि डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश परत फेकतं. अवरक्तातून लाल वजा करायचा, दोघांच्या बेरजेने भागायचं, की उणे एक ते अधिक एक यांच्या मधला एक आकडा मिळतो. आकडा जितका मोठा तितकी हिरवाई दाट. महाराष्ट्रातल्या प्रत्येक गावाची ऑक्टोबरमधली सरासरी हिरवाई काढून द्यायची, एवढंच मला सांगितलं होतं. ऑक्टोबर अशासाठी, की जुलै-ऑगस्टमध्ये उपग्रह महाराष्ट्रावरून गेला तर त्याला नुसती ढगांची पाठ दिसते.

तर एका बाजूला उपग्रहाचं चित्र. चित्र म्हणजे चौकोनी घरांचा पट, प्रत्येक घरात एक आकडा. याला रास्टर म्हणतात. हा शब्द मूळ लॅटिनमधल्या दंताळ्यावरून आला. शेतात दंताळं फिरवल्यावर जशा ओळी उमटतात, तशा आकड्यांच्या ओळी. दुसऱ्या बाजूला गावांच्या हद्दी. त्या चौकोनी नसतात. ओढ्याबरोबर वळतात, टेकडीला वळसा घालतात, आणि मध्येच एखाद्या जुन्या पाटलाने कोणाची तरी खोड मोडायला म्हणून काटकोनात फिरतात. याला पॉलिगॉन म्हणतात. दंताळ्याच्या ओळींवर ही वेडीवाकडी हद्द ठेवायची आणि आत पडलेले आकडे वेचायचे.

"चौकोन केवढा?" मामांनी विचारलं.

"दहा मीटर बाय दहा मीटर."

मामा खुर्चीत सरसावून बसले. "दहा मीटर म्हणजे तेहतीस फूट. ही तर आमची साखळी!"

आणि खरंच होती. जुन्या मोजणीची साखळी तेहतीस फुटांची, तिचे सोळा आणे. साखळी गुणिले साखळी म्हणजे एक गुंठा, चाळीस गुंठ्यांचा एकर. तेहतीस फूट म्हणजे दहा मीटर आणि वर सहा सेंटिमीटर. म्हणजे शेकडो किलोमीटर उंचीवरून, कोट्यवधी युरो खर्चून युरोपीय अंतराळ संस्था महाराष्ट्र मोजते आहे तो गुंठ्यात! आणि काटेकोरच बोलायचं तर तो पिक्सेल नेमका एक आर. म्हणजे मामा पहिल्या वाक्यालाच बरोबर होते, मीच फाटे फोडले.

आता हिशेब. महाराष्ट्राचं क्षेत्रफळ ३,०७,७१३ चौरस किलोमीटर. त्याचे आर होतात ३०७ कोटी ७१ लाख. पण चित्र चौकोनी आणि महाराष्ट्र चौकोनी नाही. त्याला कडेने चौकट बसवली तर तिच्यात अरबी समुद्राचा भला मोठा तुकडा, गोवा, थोडा गुजरात, थोडा मध्य प्रदेश, बराचसं तेलंगण आणि सीमाप्रश्नासकट कर्नाटक येतं. चौकट भरते साधारण सव्वासहाशे कोटी पिक्सेलांची. आरची सवय अशी, की प्रत्येक आकडा आठ बाइटांत ठेवायचा, मग तो शून्य का असेना. आणि दुसरी सवय त्याहून महागडी: काम करायचं ते सगळं मेमरीत. जे हवं ते आधी घरात आणा, मग बोला. मंडईत कोथिंबिरीची जुडी घ्यायला गेलेला माणूस अख्खं मार्केट यार्ड घरी मागवतो आणि मग दिवाणखान्यात जुडी शोधत बसतो, तशी ही शिस्त.

माझ्या लॅपटॉपची मेमरी आठ जीबी. मी उत्साहाच्या भरात सगळ्या पिक्सेलांचे आकडे एकदम मागवले. लाल अक्षरांत उत्तर आलं: 'कॅनॉट ॲलोकेट व्हेक्टर ऑफ साइज ४६.६ जीबी.'

या वाक्याचं सभ्य मराठी 'जागा नाही' असं होईल. पण वाक्याचा सूर निराळा आहे. आधी आकडा सांगून मग नाही म्हणायचं, ही पुण्यातल्या जुन्या दुकानदाराची पद्धत. "सेहेचाळीस पॉइंट सहा? इथे? आपण आलात कुठून?"

मग मी नमतं घेतलं. सेंटिनेलची चित्रं एकशेदहा किलोमीटरच्या तुकड्यांत मिळतात. एका तुकड्यात १०,९८० ओळी आणि १०,९८० स्तंभ, म्हणजे बारा कोटी पाच लाख पिक्सेल. एक तुकडा, एक रंग: ९२० एमबी. बसला. दुसरा रंग: आणखी ९२०. बसला. मी खूश झालो आणि सूत्र लिहिलं. अवरक्त वजा लाल, भागिले अवरक्त अधिक लाल. शाळकरी पोराचं सूत्र. पण आर वजाबाकी करतो ती एका नव्या बारा कोटींच्या यादीत मांडतो. बेरीज करतो ती आणखी एका यादीत. भागाकार तिसऱ्या यादीत. दोन भांड्यांची आमटी करायला पाच भांडी काढणारा हा स्वयंपाकी. साडेचार जीबी त्यात गेले, उरलेले ब्राउझरने आधीच खाल्लेले होते. लॅपटॉप डिस्ककडून उसनवारी करायला लागला. पंखा असा सुटला, की बायको आतून म्हणाली, "मिक्सर बंद कर, फोनवर ऐकू येत नाहीये."

मला वाटलं, कचरा साठला असेल. आरमध्ये त्याची सोय आहे. 'जीसी' अशी आज्ञा दिली की नको असलेल्या वस्तू उचलल्या जातात. ही घंटागाडी खरं तर आपण न बोलावताही येत असते. तिला हाका मारून फारसं काही होत नाही. शिवाय तिचा नियम आहे: ज्या वस्तूला अजून कोणी नावाने ओळखतं ती वस्तू ती उचलत नाही. आणि मी नावं देण्यात उदार. माझ्या मेमरीत 'फायनल' होतं, 'फायनल२' होतं, 'फायनल_खरं' होतं, 'टेंप' होतं आणि 'टेंप_काढायचं_आहे' हेही होतं. आमच्या घराच्या माळ्यावर जसा बाबांच्या लग्नातला स्टोव्ह आहे. कोणी वापरत नाही, पण 'बाबांच्या लग्नातला' असं त्याला नाव आहे, त्यामुळे घंटागाडी खालूनच निघून जाते.

मामा हे सगळं चहा पीत बघत होते. तिसऱ्या दिवशी त्यांना राहवलं नाही.

"अरे, तू करतोयस काय नेमकं? तालुक्याची मोजणी करायची तर आम्ही तालुका उचलून कचेरीत आणत होतो का?"

"नाही."

"गावाला जायचो. एका गावाला. शिवारात टेबल मांडायचो, त्या गावापुरतं मोजायचो, बेरीज कागदावर, कागद बस्त्यात, बस्ता बांधला की पुढचं गाव. मागच्या गावात झाड कुठलं होतं ते लक्षात ठेवायला मला सरकार पगार देत नव्हतं."

मी त्यांच्याकडे बघत राहिलो. माझ्या विषयातली माणसं ज्याला मेमरी-एफिशियंट म्हणतात आणि ज्यावर परिषदा भरवतात, ते मामा बशीत चहा ओतताना सांगून गेले होते. लगेच आकडेमोड केली. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्रात ४३,६६५ गावं. सरासरी गाव सात चौरस किलोमीटरचं. म्हणजे सत्तर हजार पिक्सेल. गुणिले आठ बाइट: अर्ध्या एमबीच्या जरासं वर. कुटुंबाच्या ग्रुपवर रोज सकाळी येणारं गुलाबाच्या फुलाचं सुप्रभात याच मापाचं असतं. मी सेहेचाळीस जीबीशी कुस्ती धरली होती, आणि हवं होतं एका वेळी एक गुलाब.

हे करणारी साधनं आरमध्ये आहेतच, मला त्यांची शिस्त माहीत नव्हती. रॉबर्ट हाइमन्स यांनी आधी 'रास्टर' नावाचं पॅकेज केलं आणि नंतर त्याचीच नवी आवृत्ती म्हणावी असं 'टेरा'. अनेकांना वाटतं टेरा म्हणजे टेराबाइटमधलं टेरा. नाही, टेरा म्हणजे लॅटिनमध्ये भूमी. (मामा: "म्हणजे खातं आमचंच.") टेरामध्ये 'रास्ट' अशी आज्ञा देऊन चित्र उघडलं तर ते क्षणात उघडतं, कितीही मोठं असो, कारण ते उघडलेलंच नसतं. त्याने फक्त माहिती घेतलेली असते: कोपरा कुठे, चौकोन केवढा, ओळी किती, स्तंभ किती, फाइल कुठे पडली आहे. आकडे तिकडे डिस्कवरच.

"सातबारा," मामा म्हणाले. "जमीन नव्हे. जमिनीचा सातबारा."

याहून चांगली व्याख्या मी मॅन्युअलमध्ये वाचलेली नाही. सातबारा खिशात घालून माणूस मुंबईला जाऊ शकतो. जमीन घेऊन नाही. असे अनेक तुकड्यांचे सातबारे एकत्र शिवून एक खोटा अखंड नकाशाही करता येतो, त्याला व्हीआरटी म्हणतात. आत चित्र नसतंच, कुठला तुकडा कुठल्या फाइलीत आहे एवढी यादी. काही केबींची फाइल, आणि ऐट सबंध राज्याची.

आता गावाच्या हद्दीत कुठला पिक्सेल आला आणि कुठला नाही, हे ठरवायचं. मधल्यांचा प्रश्न नाही. प्रश्न बांधावरच्यांचा. इथे मात्र मामांनी चष्मा लावला.

संगणकाला यात तीन प्रकारे वागता येतं. पहिला प्रकार, आणि तोच मुळात ठरलेला: चौकोनाचा मध्यबिंदू हद्दीच्या आत असेल तर चौकोन आत, नाहीतर बाहेर. हा हिशेब झटपट होतो, आणि मोठ्या गावाला त्याने काही बिघडत नाही. पण एखादी चिंचोळी वाडी दोन मध्यबिंदूंच्या मधून अलगद निसटते आणि तिच्या वाट्याला एकही पिक्सेल येत नाही. दुसरा प्रकार: हद्द ज्याला नुसती शिवली तो प्रत्येक चौकोन माझा. हा बांध कोरणारा शेजारी. दरवर्षी नांगराचं एक तास इकडे सरकवायचं आणि विचारलं की म्हणायचं, बैल ओढतात त्याला मी काय करू. यात बांधावरचा एकच पिक्सेल दोन्ही गावं आपल्या नावावर लावतात आणि महाराष्ट्राचं एकूण क्षेत्रफळ वाढतं.

तिसरा प्रकार: चौकोनाचा किती भाग आत आला ते नेमकं मोजायचं आणि त्याचा आकडा तेवढ्याच वजनाने धरायचा. डॅनियल बॅस्टन यांचं 'एक्झॅक्ट-एक्स्ट्रॅक्टर' नावाचं पॅकेज हेच करतं. शून्य पॉइंट सात पाच आत असेल तर पाऊण वजन.

"बारा आणे," मामा म्हणाले.

"काय?"

"पाऊण म्हणजे बारा आणे. ही आणेवारी आहे. सामाईक गटात कोणाचा किती हिस्सा ते आम्ही आण्यांत लिहायचो. पीक किती आलं तेही आण्यांतच. सोळा आणे म्हणजे पीक पूर्ण. पुढे पैसेवारी झाली."

१ एप्रिल १९५७ला देशात दशमान नाणी आली आणि आणा चलनातून हळूहळू गेला, पण महसूल खात्याच्या जिभेवरून गेला नाही. आजही गावची पैसेवारी पन्नासच्या आत आली की दुष्काळाची चर्चा सुरू होते, आणि बातमीत तिला आणेवारीच म्हणतात. मी कोडमध्ये ज्या रकान्याला 'कव्हरेज फ्रॅक्शन' म्हणत होतो त्याचं नाव त्याच दिवशी बदलून 'आणे' केलं. पुढे तो कोड बंगळुरूच्या एका सहकाऱ्याकडे गेला तेव्हा त्याने विचारलं, हा आणे कोण, आणि त्याने हे पॅकेज कधी लिहिलं.

खरं सांगायचं तर दहा मीटरच्या पिक्सेलला या आणेवारीने फार फरक पडत नाही. सत्तर हजारांत बांधावरचे असतात हजार-दीड हजार. पण हवामान खात्याची पावसाची जी जाळी आहे तिचा चौकोन पाव अंशाचा, म्हणजे आपल्या अक्षांशावर सुमारे सातशे चौरस किलोमीटरचा. त्यात सरासरीने शंभर गावं मावतात आणि शंभरांना सारखाच पाऊस पडतो. त्या जाळीवर मध्यबिंदूचा नियम लावला, तर बहुतेक गावांच्या हद्दीत एकही मध्यबिंदू सापडत नाही आणि महाराष्ट्रात सर्वत्र कोरडा दुष्काळ जाहीर करावा लागेल. तिथे आणेच हवेत.

पुढचा धडा अवतरणचिन्हांचा. या पॅकेजला सरासरी मागायची तर 'मीन' हा शब्द अवतरणात द्यायचा. तसा दिला की ते आपलं काम आत, सी-प्लस-प्लसमध्ये उरकतं. प्रांत फार मोठा असेल तर त्याचे तुकडे करून एकेक वाचतं आणि शेवटी एकच आकडा हातात ठेवतं. त्याऐवजी आपण हौसेने आपलं स्वतःचं फंक्शन लिहून दिलं, की ते म्हणतं बरं बुवा, आणि त्या प्रांतातले सगळे आकडे आपल्या पुढ्यात आणून ओततं. दोन टिंबांच्या त्या चिन्हात माझे चार दिवस गेले.

असं का, हे मी मामांना समजावायला गेलो. सरासरीला दोनच डबे लागतात: एकात बेरीज, दुसऱ्यात संख्या. पिक्सेल आला, त्याचा आकडा बेरजेत टाकला, संख्या वाढवली, पिक्सेल गेला. भिशीच्या बाईंसारखं. त्यांना सगळ्या बायका एकाच वेळी घरात बसलेल्या लागत नाहीत. पण मध्यक काढायचा, म्हणजे उंचीने ओळीत बरोब्बर मधला कोण ते सांगायचं, तर सगळ्यांना बोलावून रांगेत उभं करण्यावाचून गत्यंतर नाही. आणि मला ज्यांनी काम दिलं होतं त्यांचा नेमका दुसऱ्या आठवड्यात निरोप आला, की सरासरीबरोबर मध्यकही द्या, छान दिसेल.

छान दिसेल! मागणारा ईमेलमध्ये एक शब्द वाढवतो आणि इकडे चार जीबीची पंगत बसते. दिला मी. गावागावाने गेल्यामुळे सत्तर हजारांची रांग लॅपटॉपला जड गेली नाही.

त्या आधी विदर्भाचं प्रकरण झालं. गावांच्या हद्दी अंशांत होत्या, उपग्रहाचं चित्र मीटरमध्ये. मीटरसाठी पृथ्वीचे सहा-सहा अंशांचे साठ उभे पट्टे पाडले आहेत. महाराष्ट्राचा बहुतेक भाग त्रेचाळिसाव्यात. पण हा पट्टा संपतो ७८ अंश रेखांशाला, आणि ती रेघ सरळ विदर्भातून जाते. अमरावती अलीकडे, वर्धा आणि नागपूर पलीकडे चव्वेचाळिसाव्यात. वेगळ्या विदर्भाची मागणी मला ठाऊक होती. अर्ध्या विदर्भाची कोणी केल्याचं ऐकिवात नव्हतं. मी सगळ्यांना त्रेचाळीस धरून चाललो, आणि नागपूरकडच्या गावांची सरासरी आली 'एनए', म्हणजे उत्तरच नाही. ओळीने एनए, एनए, एनए. विदर्भावरच्या अन्यायाचा एवढा काटेकोर तक्ता आजवर कोणी काढला नसेल. तो तसाच कुठे छापून आला असता तर हिवाळी अधिवेशन माझ्यावर चाललं असतं.

दुरुस्तीचे दोन मार्ग. एक, सगळं चित्र ओढून हद्दींच्या अंशांत आणायचं: बारा-बारा कोटी पिक्सेलांचे तुकडे, प्रत्येक आकडा नव्या जागी नव्याने बेतायचा. दोन, हद्दी उचलून चित्राच्या मीटरमध्ये ठेवायच्या: एका गावाला काही शे बिंदू. हातात दोन पर्याय असताना मी अर्थातच पहिला निवडला, कारण तो कठीण होता. रात्रभर पंखा मिक्सरसारखा चालला. सकाळी मामांनी विचारलं, "शिवार सरकवलंस की कुंपण?"

एक आणखी चूक कबूल करून टाकतो, कारण ती सगळेच करतात. प्रत्येक गावाचं उत्तर आलं की मी ते जुन्या यादीच्या तळाशी चिकटवत होतो. आर चिकटवत नाही. तो जुनी यादी आणि नवी ओळ मिळून सगळी यादी पुन्हा नव्याने लिहून काढतो. पहिल्या शंभर गावांना कळत नाही. शेवटच्या गावाला तो ४३,६६५ ओळी नव्याने उतरवतो. सगळं मिळून पंचाण्णव कोटी ओळींची बैठक. शिक्षा म्हणून पाटी भरून लिहायला लावणारे मास्तर मला भेटले आहेत, पण आदल्या दिवशीचंही रोज पुन्हा लिहायला लावणारे नाही. आधीच ४३,६६५ ओळींची कोरी वही आखून घेतली आणि ते थांबलं.

आणि घाई झाली म्हणून प्रोसेसरच्या आठ कोअरांवर काम वाटून दिलं, त्याबद्दल फार बोलत नाही. आठ आचारी एका ओट्यापाशी आले आणि प्रत्येकाने आपापली पाच भांडी काढली. मी दोन आचारी ठेवले, सहांना घरी पाठवलं.

दिवाळीच्या चार दिवस आधी, रात्री अकराला, सगळं नीट लागलं. एक गाव, त्याची खिडकी, त्याचे पिक्सेल, आणे, बेरीज, वहीत एक ओळ, विसरलं, पुढचं गाव. मेमरीचा काटा दीड जीबीच्या आसपास डुलत राहिला. पंखा इतका शांत, की बायको उठून बघायला आली, बंद पडलाय का. आजऱ्यापासून सुरुवात झाली होती. उजाडेपर्यंत आर गडचिरोलीत होता. मामा पहाटे पाचला उठतात, ते बनियनवर येऊन माझ्या शेजारी बसले आणि गावांची नावं सरकताना बघत राहिले. कित्येक गावांत त्यांनी टेबल मांडलेलं होतं. "इथे पाटलाने जेवायला घातलं होतं," म्हणाले. "इथे कुत्रं सोडलं होतं." दोन्ही गावं हिरवाईत सारखीच निघाली.

मग खाकरून म्हणाले, "एक गट नंबर दिला तर बघशील?"

हा गट नंबर आमच्या घराण्यात सगळ्यांना पाठ आहे. मामा आणि त्यांचे चुलतभाऊ यांच्यामधला बांध. मामांनी आयुष्यभर परक्यांचे बांध मोजले. स्वतःचा मोजला तर पक्षपात होईल म्हणून मोजला नाही, आणि दुसऱ्याने मोजला तो मान्य केला नाही. चुलतभाऊही निवृत्त झाले, दोघांची नातवंडं एका वर्गात आहेत, बांध आहे तिथेच आहे. त्या बांधावर एक बाभूळ आहे आणि सगळं भांडण त्या बाभळीच्या सावलीएवढं आहे.

मी मोजणीच्या नकाशावरून गटाची हद्द आखून घेतली, चित्रावर ठेवली आणि बाभळीचा पिक्सेल शोधला. एकच चौकोन. एक आर. आज्ञा दिली. अर्ध्या जीबीचीही गरज पडली नाही. पडद्यावर 'आणे' या रकान्याखाली एकच ओळ उमटली: ०.३७५.

मामांना दशांशाचं रूपांतर करायला कधी वेळ लागत नाही. तरी त्यांनी बोटांवर मोजलं. मग चष्मा काढला, पुसला, लावला.

"सहा?"

"सहा आणे, मामा. दहा त्यांचे."

स्वयंपाकघरात मामी चकलीची भाजणी काढत होती. मामांनी आवाज खाली आणला.

"परत चालव."